साठ दिवसांची मुभा आणि एक पत्र : ओंटारिओतील वाहन परवाना सेवेचे परीक्षण

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नव्याने राहायला आलेल्या माणसाला मोटार चालवण्याचा परवाना देणारी जी सरकारी व्यवस्था आहे, तिचे हे परीक्षण आहे. उपाहारगृहाचे किंवा मिक्सरचे परीक्षण लिहितात तसे परवान्याचे सहसा कुणी लिहीत नाही, कारण तेथे पसंत पडले नाही म्हणून शेजारच्या दुकानात जाण्याची सोय नसते. तरीही शुल्क भरून घेतलेली सेवा ती सेवाच, आणि मी तिच्यासाठी शुल्क, रजा आणि मनस्ताप असे तिन्ही भरलेले असल्यामुळे तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी धरून चालते. माझे मत आधीच सांगून टाकते. नवागतांसाठी परवान्याचे नियम सोपे करावेत अशी मागणी आपल्या मंडळींच्या बैठकीत नेहमी निघते आणि तिला माझा पाठिंबा आहे; मात्र सोपी करायची ती रस्त्यावरची परीक्षा नव्हे, तर त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याची कागदी वाट.

आम्ही किचनर येथे राहतो. गावात २०१९ पासून ‘आयन’ ही हलकी रेल्वे धावते आणि ती उत्तमच आहे, परंतु ती फेअरवे स्थानकापाशी संपते आणि माझी नोकरी त्यापुढे, केंब्रिज या जवळच्या शहरात. रेल्वे, मग बस, मग पंधरा मिनिटे पायी, आणि हे सगळे जानेवारीत, उणे अठरा तापमानात. एवढे सांगितले की परवाना ही येथे चैनीची वस्तू का नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात मी नऊ वर्षे मोटार चालवली होती. पुणे-सातारा रस्त्यावर पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरलेल्या बाईला किचनरच्या सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्यांवर काय अडचण येणार, अशा भ्रमात मी आले होते.

ओंटारिओत १९९४ पासून टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आहे. पहिला टप्पा जी-१ हा शिकाऊ परवाना. तो लेखी परीक्षा आणि दृष्टी तपासणी झाल्यावर मिळतो. त्यानंतर सर्वसाधारण माणसाने बारा महिने थांबायचे, मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतले असल्यास आठ महिने, आणि रस्त्यावरची पहिली परीक्षा देऊन जी-२ मिळवायचा. पुन्हा किमान बारा महिने थांबून दुसरी परीक्षा द्यायची, मग पूर्ण परवाना, म्हणजे नुसता जी. सोळा वर्षांच्या मुलासाठी ही रचना अगदी योग्य आहे. प्रश्न पस्तिशी-चाळिशीत, मागे दहा-पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन येणाऱ्या माणसाला या शिडीच्या कोणत्या पायरीवर उभे करायचे हा आहे, आणि तेथेच नियम अडखळतात.

नियम असा आहे की प्रांतात स्थायिक झाल्यापासून साठ दिवस तुम्ही आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवू शकता. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा हे प्रांत नव्वद दिवस देतात, क्वेबेक सहा महिने देतो, आणि समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये तर आपल्या परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. या सगळ्यांत ओंटारिओचे साठ दिवस तोकडे आहेत, आणि ते साठ दिवस नेमके घर शोधणे, बँकेचे खाते उघडणे, मुलांना शाळेत घालणे आणि मिळेल ती नोकरी धरणे यांत निघून जातात. गंमत अशी की साठाव्या दिवशी मला एकटीने, भर गर्दीच्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर, रात्री दोन वाजतासुद्धा गाडी नेण्याची मुभा होती. एकसष्टाव्या दिवशी, लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन जी-१ खिशात असतानाही, मला शेजारी अनुभवी चालक बसवल्याशिवाय गल्लीतून दुधाची पिशवी आणायला गाडी काढता येत नव्हती, मध्यरात्र ते पहाटे पाच गाडी चालवण्यास मनाई होती, आणि चारशे क्रमांकाच्या मालिकेतील महामार्गांसह आमच्या घरामागून जाणारा कोनेस्टोगा पार्कवे हा द्रुतगती मार्गही बंद झाला होता. एका रात्रीत माझे कौशल्य कमी झाले नव्हते. फक्त दिनदर्शिकेचे पान उलटले होते.

ज्या देशांशी ओंटारिओचा परस्पर करार आहे, त्या देशांच्या परवानाधारकांना हे काही सोसावे लागत नाही. जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा ठिकाणचा परवाना आणि दोन वर्षांचा अनुभव असेल, तर जुना परवाना देऊन त्याच्या बदल्यात थेट पूर्ण परवाना घेता येतो; ना लेखी परीक्षा, ना रस्त्यावरची. भारत या यादीत नाही. याचे कारण विचारले की आपल्याकडची माणसे लगेच सांगतात, ‘अहो, आपण डावीकडून चालवतो ना!’ मी स्वतः हे उत्तर कित्येक महिने खरे मानत होते. पण वरची यादी पुन्हा वाचावी. जपान, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाचही देशांत वाहने डावीकडूनच धावतात. म्हणजे अडचण रस्त्याच्या बाजूची नाही. परवाना कोणत्या कसोटीवर दिला गेला असेल, याविषयीच्या विश्वासाची आहे.

आणि येथे प्रामाणिकपणे बोलायचे तर तो अविश्वास मला अन्यायाचा वाटत नाही. आपल्याकडे परवाना ‘काढतात’, आणि पुष्कळदा तो एजंट ‘काढून देतो’; क्रियापदातच सगळे आले. शिकाऊ परवान्याच्या संगणकीय परीक्षेत पंधरापैकी नऊ उत्तरे बरोबर आली की झाले, आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी जाता येते. माझी परीक्षा झाली तेव्हा मी एका मैदानात गाडी पुढे नेली, मागे घेतली, खिडकीशी उभ्या असलेल्या साहेबांनी मान हलवली, आणि चार मिनिटांत मी चालक झाले. आरसा पाहिला की नाही हे कुणी विचारले नाही. त्यामुळे भारतीय परवान्याची सरसकट अदलाबदल करावी, ही मागणी मी करणार नाही. रस्त्यावरची एक परीक्षा घ्यावी आणि कसून घ्यावी.

लेखी परीक्षेची व्यवस्था मात्र मनापासून आवडली. पूर्वनोंदणीची गरज नव्हती; पारपत्र, भारतीय परवाना आणि स्थलांतराची कागदपत्रे घेऊन मी सकाळी नऊला केंद्रावर पोहोचले आणि साडेदहाला बाहेर पडले. ही ‘ड्राइव्हटेस्ट’ केंद्रे परिवहन मंत्रालयाच्या वतीने एक खासगी कंपनी चालवते. खिडकीवरच्या बाईंनी माझे नाव आणि आडनाव कोणत्या रकान्यात जाते हे दोनदा विचारून घेतले. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या पद्धतीने पुढे किती घोळ होतो हे त्यांना ठाऊक असावे. मग एका यंत्रात डोळे लावून अक्षरे वाचायची आणि संगणकासमोर बसायचे. चाळीस प्रश्न, त्यांपैकी वीस रस्त्यावरील चिन्हांचे आणि वीस नियमांचे, आणि दोन्ही भागांत स्वतंत्रपणे सोळा-सोळा उत्तरे बरोबर यावी लागतात. ही परीक्षा पंजाबी, तमिळ, उर्दू अशा भाषांतही देता येते. मराठी त्यांत नाही, पण मला इंग्रजीची अडचण नव्हती. अभ्यासासाठी मंत्रालयाची चालक-पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते, आणि ती खरोखर वाचावी. शाळेची बस लाल दिवे लुकलुकत थांबली की मागून येणाऱ्यांनीच नव्हे, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचे, आणि पहिल्याच चुकीला चारशे ते दोन हजार डॉलर दंड व सहा दोषगुण (चुकीबद्दल चालकाच्या नोंदीवर चढणारे गुण), हे मला त्या पुस्तिकेने शिकवले. नऊ वर्षांच्या अनुभवाने नव्हे.

खरी गैरसोय त्यानंतर सुरू होते. जी-१ असताना शेजारी बसणाऱ्या व्यक्तीकडे पूर्ण परवाना आणि किमान चार वर्षांचा अनुभव असावा लागतो. येथे जन्मलेल्या मुलाच्या शेजारी त्याची आई बसते. आमच्या घरात मी आणि माझे यजमान दोघेही एकाच विमानातून उतरलेलो. कुणी कुणाच्या शेजारी बसायचे? ओळखीतील एक काका दोन रविवार आले, पण तिसऱ्या रविवारी त्यांना फोन करायला माझे मन धजावले नाही. उरतो तो शिकवणारा शिक्षक, तासाला साठ डॉलर. परीक्षेला स्वतःची गाडी न्यावी लागते, तीही नसेल तर त्यांचीच भाड्याने घ्यावी लागते. अशा एका प्रशिक्षण संस्थेने, नाव सांगत नाही, ‘लवकरची तारीख मिळवून देतो’ असे सांगून माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि शेवटी तीच तारीख दिली जी मला संकेतस्थळावर फुकट दिसत होती. मंत्रालयाचा यात दोष नाही, पण वाट जितकी अवघड तितके तिच्या कडेला दुकान थाटणारे जास्त, हे आपल्याला एजंटांच्या अनुभवावरून ठाऊकच आहे.

त्यानंतर मिळालेले शिक्षक मात्र सोन्यासारखे होते. श्रीलंकेतील जाफन्याहून तीस वर्षांपूर्वी आलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी पहिला अख्खा तास मला एकाच चौकात फिरवले. येथे अनेक चौकांत दिवा नसतो. चारही बाजूंना ‘थांबा’ची पाटी असते, आणि जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघे एकाच वेळी पोहोचले तर उजवीकडच्याला मान. मी थांबत होते असे मला वाटत होते. ते म्हणाले, ‘मॅडम, चाक अजून फिरते आहे.’ पुन्हा चक्कर. ‘आता चाक थांबले, पण तुम्ही पाटीच्या पुढे थांबलात.’ पुन्हा चक्कर. सातव्या खेपेला मी पाटीच्या अलीकडे, रेषेच्या मागे, पूर्ण थांबले, आणि समोरचा माझ्या आधी आला होता हे विसरून निघाले. आपल्याकडे चौकात नजरेला नजर भिडवून जो आधी नाक घालतो त्याचा चौक. येथे पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तसे चौघेही आपापल्या पाळीची वाट पाहतात. ही सवय पुस्तिकेतून येत नाही आणि नऊ वर्षांच्या अनुभवाने उलट ती शिकायला वेळ लागतो. नवागतांसाठी परीक्षा काढून टाकावी असे म्हणणाऱ्यांना मी त्या चौकात एक तास बसवीन.

आता अनुभवाच्या हिशेबाकडे येते, कारण सगळी गुंतागुंत त्यात आहे. करार नसलेल्या देशातून आलेल्या माणसाला, आपला मूळ परवाना दाखवून आणि अनुभव जाहीर करून, बारा महिन्यांपर्यंतची सूट मिळते. म्हणजे जी-१ नंतर न थांबता जी-२ची परीक्षा देता येते. गेल्या तीन वर्षांत चोवीस महिन्यांहून अधिक अनुभव असल्याचे सांगायचे असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा आपल्या वकिलातीचे अधिकृत पत्र लागते, आणि ते असेल तर थेट पूर्ण परवान्याच्या परीक्षेला बसता येते. परवान्याच्या कार्डावर तारीख छापलेली असते, पण तेवढ्यावर भागत नाही.

माझ्याकडे पत्र नव्हते, म्हणून मी भावाला फोन केला. त्याने आमच्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला, ‘असे पत्र आजवर कुणी मागितले नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला, अर्जदाराने समक्ष यावे असे सांगण्यात आले. ‘ताई, ती कॅनडात आहे म्हणून तर पत्र हवंय, असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग ती तिथं गाडी चालवत असेलच की,’ असे त्याने मला रात्री दहा वाजता चिडून सांगितले. तिसऱ्या खेपेला एका समंजस लिपिकाने उलगडा केला की पत्राचा नमुना नसला तरी परवान्याचा उतारा ऑनलाइन मागता येतो. सातबाराचा उतारा आम्हाला ठाऊक, परवान्याचाही उतारा असतो हे दोघांनाही नवीन. तो मिळाला, त्याच्या आधारे येथील वकिलातीचे पत्रही पुढे मिळाले, पण या सगळ्यात साडेचार महिने गेले आणि त्या काळात मी बारा महिन्यांच्या सवलतीवर जी-२च्या परीक्षेला बसून मोकळी झाले होते.

त्या परीक्षेत मी पहिल्यांदा अनुत्तीर्ण झाले. दोष माझाच. परीक्षक बाईंनी गाडी थांबल्यावर कागद पुढे करून शांतपणे दाखवले की मार्गिका बदलताना मी आरसा पाहिला, पण खांद्यावरून मागे वळून पाहिले नाही. एकदा नव्हे, चारदा. पुण्यात मी मान वळवून पाहिले असते तर तेवढ्यात समोर रिक्षा आली असती, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पाच आठवड्यांनी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे पत्र हाती आल्यावर बारा महिने न थांबता पूर्ण परवान्याची परीक्षा दिली. ही परीक्षा २०२२ च्या सुरुवातीला, साथीच्या काळात साचलेले अर्ज निपटावेत म्हणून, आटोपशीर करण्यात आली; दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावणे, रस्त्याच्या कडेला थांबणे असे भाग, ते जी-२च्या परीक्षेत होऊन गेलेलेच असतात म्हणून, वगळण्यात आले. माझ्या वाट्याला मुख्यतः महामार्ग आला: वेग वाढवत ओघात मिसळणे, मार्गिका बदलणे, वेळेवर बाहेर पडणे. नियम सोपा करणे म्हणजे काय याचे हे मला पटलेले उदाहरण आहे. एकदा तपासलेली गोष्ट पुन्हा तपासत बसायची नाही, एवढेच त्यामागचे सूत्र.

पैशांचा हिशेब असा. लेखी परीक्षा, जी-२ची पहिली परीक्षा आणि पाच वर्षांचा परवाना मिळून १५९.७५ डॉलर, जी-२ची दुसरी खेप ५३.७५ आणि अंतिम परीक्षा ९१.२५, असे एकूण ३०४.७५ डॉलर मी सरकारला दिले. ते मला महाग वाटले नाहीत. शिक्षक, भाड्याची गाडी आणि ती लवकरच्या तारखेची थाप यांवर त्याच्या तिपटीहून अधिक गेले. शिवाय विमा येथे सक्तीचा आहे, आणि विमा कंपनीच्या लेखी माझा जन्म मी येथील परवाना घेतला त्या दिवशी झाला. तत्पूर्वीची नऊ वर्षे तिच्या हिशेबात नाहीत.

मला विचाराल तर तीन ठिकाणी हात घालावा. साठ दिवसांचे निदान नव्वद करावेत, कारण इतर प्रांतांना त्यात काही धोका दिसलेला नाही. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि परदेशी परवाना वैध असलेल्या प्रौढ माणसाला, रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख येईपर्यंत, महामार्ग वगळून दिवसा एकट्याने गाडी चालवू द्यावी. ज्याच्यावर काल विश्वास होता त्याच्यावर आज नियम शिकून आल्यावर तो कमी व्हावा, हे मला आजही समजलेले नाही. आणि पत्राऐवजी परवान्याच्या नोंदीची पडताळणी थेट संगणकावरून करावी. भारतात परवान्यांच्या नोंदी ‘सारथी’ या राष्ट्रीय प्रणालीत आहेत. जो उतारा माझ्या भावाने तीन खेपा घालून मिळवला त्यातील एकही अक्षर असे नव्हते की जे त्या प्रणालीत आधीपासून नव्हते. यात ओंटारिओइतकेच आपल्या बाजूलाही काम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

केंद्रावरील सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देते; अर्धा गुण प्रतीक्षागृहातील खुर्च्यांसाठी कापला आहे. नियमांना तीन. येऊ घातलेल्या मंडळींना एवढेच सुचवते की लोणच्याच्या बरण्या बांधण्याआधी परवान्याचा उतारा काढून घ्यावा; त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, परवान्याचा वर्ग आणि तो प्रथम दिल्याचा दिनांक इंग्रजीत असल्याची खात्री करावी; आणि परवान्याची मुदत संपत आली असेल तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करून यावे. परीक्षेची तारीख बदलायची झाल्यास अठ्ठेचाळीस तासांहून अधिक वेळ हाती ठेवून बदलावी, नाहीतर निम्मे शुल्क जाते. उत्तीर्ण झाल्यावर हातात कागदी परवाना मिळतो आणि कार्ड काही आठवड्यांनी टपालाने येते. माझे आले तेव्हा मी ते घेऊन केंब्रिजला निघाले, आणि घराच्या कोपऱ्यावरच्या चौकात चारही गाड्या एकदम येऊन थांबल्यामुळे आम्ही चौघेही बराच वेळ एकमेकांना हाताने ‘आधी तुम्ही’ म्हणत राहिलो.